तिजाऱ्यांचं निर्दोष रिव्हॉल्व्हर

एकनाथराव तिजारे यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, या बातमीवर अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळात आधी कोणाचा विश्वास बसेना. माणूसच तसा होता. वय एकोणसाठ, अंगकाठी किरकोळ, आणि स्वभाव असा की सिग्नल हिरवा असला तरी आता पिवळा होईल म्हणून ब्रेकवर पाय ठेवायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. रेडमंडमध्ये हॉर्न ऐकायला मिळावा असं वाटत असेल तर तिजाऱ्यांच्या गाडीत बसावं, असं लोक म्हणत. अशा माणसानं पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणजे काय?

पण घेतलं खरं. २००८ च्या एप्रिलमध्ये, रीतसर अर्ज भरून, नागरिकत्वाचे कागद दाखवून घेतलं. आणि ऑक्टोबर उजाडला तरी त्यांनी त्यातून एकही गोळी झाडलेली नव्हती. हे मात्र जगात एकट्या एकनाथरावांना ठाऊक होतं, आणि ते जगाला कळू नये याची ते फार काळजी घेत होते.

गोळी न झाडण्याचं कारण अगदी साधं होतं. त्यांना आवाजाची भीती वाटायची. नागपूरला असताना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नेमकं त्यांचं पोट बिघडायचं आणि गल्लीतले फटाके संपेपर्यंत ते न्हाणीघरातून बाहेर यायचे नाहीत. तीस वर्षं एकाच दिवशी पोट कसं बिघडतं, हे कोणी विचारलं नाही. आपली माणसं अशा बाबतीत दयाळू असतात.

गंमत म्हणजे या माणसाची सगळी हयात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. नागपूरजवळच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. गोळीची पितळी पुंगळी हातात घ्यायची, तिला गेज लावायचं, बरोबर बसली तर पास, नाहीतर नापास. दारू भरायचं काम दुसऱ्या शेडमध्ये चालायचं आणि माल उडवून पाहायचं काम पार मैदानापलीकडच्या तिसऱ्या. सव्वीस वर्षांत एकनाथराव त्या मैदानाकडे फिरकले नाहीत. गोळीचं अंग त्यांना पाठ होतं, तिचा आवाज मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुढे बायकोच्या भावानं कागदपत्रं करून दोघांना अमेरिकेत आणलं, आणि विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना तेच काम मिळालं. गेज लावा, पास करा, नापास करा. चांगला माल पास करण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो इतर लोकांना नातवंडं झाल्यावर होतो.

रिव्हॉल्व्हरवर त्यांचं प्रेम बसलं ते एकोणिसाव्या वर्षी. कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत काचेच्या पेटीत एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर ठेवलेलं होतं, एका बाजूनं उभं कापलेलं, आतली यंत्रणा दिसावी म्हणून. मास्तरांनी चाप ओढायला सांगितला. एकनाथनं ओढला, आणि त्याच एका ओढीत घोडा मागे गेला, सहा घरांचं चक्र एक घर पुढे सरकलं, जागेवर अडकलं आणि घोडा पडला. एका बोटाच्या कामात चार कामं झाली. याला डबल अॅक्शन म्हणतात, असं मास्तर म्हणाले. एकनाथनं दिवसभरात दोनशे वेळा तरी तो चाप ओढला असेल. कापलेल्या रिव्हॉल्व्हरातून आवाज येण्याची भीती नव्हती, हाही त्या प्रेमाचा एक भाग होता.

ते मॉडेल पुढे बंद पडलं. आणि चाळीस वर्षांनी एका सकाळी वर्कशॉपमधल्या लेथवरच्या वॉल्टरनं जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग आपटलं. त्याच जुन्या कंपनीनं तेच जुनं मॉडेल पुन्हा काढलं होतं. तशीच निळसर काळी झाक, तशीच लाकडी मूठ.

वॉल्टर अडुसष्ट वर्षांचा, विधुर, आणि मतांचा फार पक्का. त्याच्याकडे त्याच मॉडेलचं पन्नास सालचं अस्सल रिव्हॉल्व्हर होतं. नव्याच्या चित्रावर त्यानं बोट ठेवलं. घोड्याच्या खाली, डाव्या अंगाला, एक बारीक भोक होतं. किल्ली फिरवून कुलूप लावायची ही नवी सोय होती.

"एक्नाथ, हे पाहिलंस? भोक," वॉल्टर म्हणाला. "ज्या बंदुकीला भोक आहे तिला मी हात लावणार नाही. मेलो तरी."

"नळीला पण भोकच असतं," एकनाथराव म्हणाले.

वॉल्टर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. एकनाथरावांनी तेवढ्या आठवड्यात अर्ज भरून टाकला.

रत्नाकाकूंनी रिव्हॉल्व्हर पाहिल्यावर आरडाओरडा केला नाही. नवऱ्याला घरातलं झुरळ मारता येत नाही हे त्यांनी बत्तीस वर्षं पाहिलं होतं. "एका दमात चार कामं करून राहिलं म्हणता ना ते?" त्या म्हणाल्या. "मग पोळ्या पण लाटून पाहा त्याच्याकडून."

रोज संध्याकाळी चहानंतर एकनाथराव लोखंडी पेटी उघडायचे. चक्र बाहेर काढून सहाही घरं रिकामी आहेत हे तीनदा बघायचे. मग प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या घालून, भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरून, चाप ओढत बसायचे. हलका, सलग, न थबकता. टक. पुढचं घर. टक. चेहऱ्यावर असं समाधान की काकूंनाही अधूनमधून आत डोकावून बघावंसं वाटायचं.

इथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, "काका, शूटिंग रेंजवर जाता का?" आणि एकनाथरावांच्या तोंडून निघून गेलं, "दर शनिवारी." उचलली जीभ लावली टाळ्याला. मग खरोखरच दर शनिवारी जाणं आलं.

पहिल्या शनिवारी ते गेले. कानात कापसाचे बोळे, वर कान झाकणारे जाड इअरमफ, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा. दोन दारं उघडून आत पाऊल टाकलं, आणि शेजारच्या नेमबाजीच्या कप्प्यातल्या एका बाईनं गोळी झाडली. आवाज कानांतून नव्हे तर छातीतून आत गेला. एकनाथरावांची पाचावर धारण बसली. ते आल्या पावली बाहेर आले, काचेपलीकडे कॉफी घेऊन बसले आणि तासाभरानं घरी निघाले. निघताना दाराशी कचऱ्याचा डबा दिसला. त्यात लोकांनी वापरून टाकलेले, भोकं पडलेले नेमाचे कागद होते.

माणूस घसरतो तो असा. त्यांनी एक कागद उचलला. तपासनिसाचीच नजर ती. फार चांगला घेतला नाही, फार वाईटही नाही. मधोमध दोन, आजूबाजूला तीन, एक जरा बाहेर. त्यांच्या वयाला आणि अनुभवाला साजेसा. पुढच्या शनिवारी किंचित बरा. मे महिन्यात प्रगती दिसावी म्हणून त्यांनी थोडे उजवे कागद निवडले, आणि जूनमध्ये एकदा मुद्दाम एक गचाळ आणला, कारण सतत सुधारणा होत गेली की कुणालाही संशय येतो. कागद गॅरेजच्या भिंतीवर ओळीनं लागले. लोक येऊन बघायचे. मंडळात त्यांना आता रिव्हॉल्व्हरकाका म्हणायला लागले होते, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना फार आवडायला लागलं होतं. साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच कोणी त्यांच्याकडे मान वर करून बघत होतं.

सगळ्यात जास्त बघायचा तो सिद्धेश. पुण्याचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, रेडमंडच्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, लग्न व्हायचं होतं, आणि शनिवार-रविवार काकूंच्या हातचं जेवायला यायचा. "काका, मला एकदा घेऊन चला ना यार," हे त्याचं टुमणं. एकनाथराव म्हणायचे, पाऊस आहे. रेंज छपराखाली होती. म्हणायचे, गर्दी असते. म्हणायचे, पितृपक्ष आहे. पितृपक्ष संपला आणि दसरा आला.

खंडेनवमीला रत्नाकाकूंनी दरवर्षीप्रमाणे घरातली हत्यारं मांडली. विळी, सुरी, एकनाथरावांचे गेज, कोपऱ्यात लॅपटॉप. यंदा मधोमध रिव्हॉल्व्हर. नियम म्हणून एकनाथरावांनी चक्र बाहेर काढून ठेवलं होतं, रिकामं आहे हे देवालाही दिसावं असं. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. पूजलेल्या हत्याराला दोन दिवस विसावा द्यायचा, म्हणून दसऱ्यापर्यंत ते तसंच राहिलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी काकूंनी वॉल्टरला श्रीखंड खायला बोलावलं होतं. सिद्धेश होताच. कुंकू लावलेलं रिव्हॉल्व्हर पाहून वॉल्टरनं डोक्यावरची टोपी काढली, मग भोक दिसलं आणि परत घातली.

"तुम्ही लोक त्याची प्रार्थना करता ते बरं आहे," तो म्हणाला. "त्याला गरज पडेल."

"ही इज अ ग्रेट शॉट," सिद्धेश म्हणाला. "एव्हरी सॅटरडे जातात काका. आपण तिघं जाऊ या ना, परवा?"

"मी येतो," वॉल्टर म्हणाला. "हे नवं खेळणं चालतं का ते मला बघायचंच आहे."

"मी पण येते," रत्नाकाकू म्हणाल्या. "एवढं कौतुक करतात सगळे, मी एकदा पण नाही पाहिलं."

एकनाथरावांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. शुक्रवारी त्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं, फडक्यानं हळद पुसली, चक्राची दांडी दाबून अक्षता झटकल्या. रोजच्यासारखा चाप ओढून बघितला नाही. पेटी बंद करून ते पडून राहिले. पोट खरोखरच बिघडलं होतं, पण दिवाळी अजून अठरा दिवस लांब होती. कोणी मानलं नसतं.

शनिवारी सकाळी चौघं रेंजवर. आत शिरताना सिद्धेशची बडबड चालू होती: काही नाही यार, व्हिडिओ गेममध्ये मी किती मारलेत. पहिला धमाका ऐकल्यावर ती थांबली. एकनाथरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कप्प्यात उभे राहिले, बटण दाबून कागद सात यार्डांवर नेला आणि एकेक करून सहा खऱ्या गोळ्या घातल्या. गेजशिवाय पुंगळी हातात घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चक्र बंद करायला जरा जोर लागला. त्यांनी नेम धरला, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

चाप हललाच नाही.

पुन्हा ओढला. दगडासारखा गच्च. एकनाथरावांना जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण त्यांना आनंद झाला. देव पावला होता. रिव्हॉल्व्हर अडकलं, खेळ संपला, घरी जायचं, उद्या कंपनीला पत्र लिहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी चक्र उघडून गोळ्या काढून घेतल्या आणि मागे वळून खेदानं मान हलवली.

वॉल्टर तर त्याचीच वाट बघत होता. "जंक," तो म्हणाला. कानांवर इअरमफ असल्यामुळे सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागत होतं. "मी सांगितलं होतं. भोक पाडलं की असंच होणार. भंगार आहे ते, एक्नाथ. सोमवारी सगळ्या वर्कशॉपला सांगतो. तू इतकी वर्षं तपासनीस, आणि तुला भंगार ओळखता आलं नाही?"

एकनाथरावांनी हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. बोटांनी चक्र फिरवलं. कुठे अडतं ते त्यांच्या बोटांना लगेच कळलं. चक्राच्या पाठीला एक चांदणीसारखी पट्टी असते; दांडी दाबली की ती वर उचलली जाते आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलते. त्यांनी दांडी दाबून पट्टीखाली बघितलं. तिथे तांदळाचा अर्धा दाणा होता, हळदीनं पिवळा झालेला. शुक्रवारी झटकताना आत गेलेला. एवढ्याशा कणानं पट्टी केसभर उचलली गेली होती आणि चक्र फिरत नव्हतं.

दाणा फक्त त्यांना दिसला होता. दांडी सोडून दिली असती तर तो तिथेच राहिला असता, आणि रिव्हॉल्व्हरकाका रिव्हॉल्व्हरकाकाच राहिले असते. त्यांनी तसा विचार केला, नाही असं नाही. अंगठा दांडीवरून थोडा सरकलासुद्धा. पण एकनाथरावांच्या लेखी वाईट माल पास करणं ही चूक होती आणि चांगला माल नापास करणं हे पाप होतं. सव्वीस वर्षं कारखान्यात आणि अकरा वर्षं इथं त्यांनी ते केलं नव्हतं. आणि हे तर त्यांचं एकोणिसाव्या वर्षापासूनचं प्रेम. त्याला लोकांनी भंगार म्हणायचं, आणि आपण गप्प उभं राहायचं?

त्यांनी नखानं दाणा काढला आणि बोटाच्या टोकावर धरून वॉल्टरपुढे नेला.

"तांदूळ," ते ओरडले. "मशीन चांगलं आहे. आत तांदूळ होता."

"अगंबाई, माझ्या अक्षता," रत्नाकाकू म्हणाल्या.

वॉल्टरनं चष्मा कपाळावर नेऊन दाणा पाहिला. त्याच्या साठ वर्षांच्या अनुभवात बंदुकीत धूळ, वाळू, एकदा तर मुंगी सापडली होती, पण हळदीचा तांदूळ नव्हता सापडला. तरी तो ऐकेना. "मग सहा मारून दाखव. सहाच्या सहा. मी त्याला हात लावणार नाही."

"काका, मी मारू?" सिद्धेश म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

इथं एकनाथराव खरे अडकले. आपण स्वतः न चालवलेलं हत्यार दुसऱ्याच्या पोराच्या हातात पहिल्यांदा देणं त्यांना शक्य नव्हतं. आणि वॉल्टर तर भोकाला हात लावणार नव्हता. उरले ते स्वतः. बरं, खोट्याच्या आधारावर मारावं तर सात यार्डांवरचा कागद दोन मिनिटांत सगळं सांगणार होता. त्यांनी सिद्धेशजवळ जाऊन हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"काय?" सिद्धेश ओरडला.

"मी म्हणतो, मी आजवर यातून गोळी झाडली नाही."

"काय नाही?"

"गोळी," एकनाथराव जिवाच्या आकांतानं ओरडले. "एकही. कधीच. मले भेव वाटते."

नेमकं त्याच क्षणी सगळ्या कप्प्यांतले लोक गोळ्या भरत होते आणि रेंजवर शांतता होती. मराठी कोणाला कळलं नाही, पण सूर कळला असावा, कारण पाच-सहा माणसं मागे वाकून बघायला लागली. वॉल्टरनं विचारलं, काय म्हणाला? मग एकनाथरावांना तेच सगळं पुन्हा एकदा इंग्रजीत ओरडून सांगावं लागलं. चोराला कबुली एकदा द्यावी लागते. यांना दोन भाषांत द्यावी लागली.

"मग ते कागद?" सिद्धेशनं विचारलं.

"डब्यातले. त्या तिथल्या."

रत्नाकाकूंनी डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे सहा महिने मी गॅरेजमध्ये लोकांचा कचरा पुसून राहिली?"

एकनाथराव वळले, सहा गोळ्या भरल्या आणि चक्र बंद केलं. या वेळी ते अलगद बंद झालं. बायको, मित्र, पोरगा, तिघंही पाठीशी उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी चाप ओढला. हलका, सलग, न थबकता. घोडा मागे गेला, घर सरकलं, घोडा पडला.

आवाजाचं वर्णन काय करायचं. एकनाथराव जागच्या जागी वीतभर उडाले. लोक सांगतात की पहिली गोळी झाली की भीती मोडते. त्यांची मोडली नाही. पहिल्या गोळीला नुसती कल्पना होती, दुसरीला अनुभव होता, त्यामुळे दुसरी जास्त कठीण गेली आणि तिसरी त्याहून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण दर वेळी बोट मागे येत राहिलं, कारण ते सहा महिने हेच करत आलं होतं आणि त्याला कोणी घाबरायला शिकवलं नव्हतं. सहा वेळा चाप ओढला, सहा वेळा रिव्हॉल्व्हरनं बार काढला. एकदाही अडलं नाही, एकदाही चुकलं नाही.

कागद जवळ आणला. त्यावर एक भोक होतं, खालच्या कोपऱ्यात, जिथे छापखान्याचं नाव असतं.

वॉल्टरनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बंदूक चांगली आहे," तो म्हणाला. "भोकासकट." मग म्हणाला, "तू मात्र फार वाईट आहेस."

"मी नापास," एकनाथराव म्हणाले. "ते पास." आणि त्यांना हसू आलं. इतके दिवस सांभाळलेली अब्रू गेली होती आणि छातीवरचं ओझंही तिच्याबरोबरच गेलं होतं. असं काही होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. रत्नाकाकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि गॅरेजचं घरी गेल्यावर बघते, असं बजावलं.

मग सिद्धेशची पाळी आली. वॉल्टर पुढे झाला. पाय असे ठेव, खांदे असे धर, सांगायला लागला. त्याच्याएवढा नेमबाज त्या रेंजवर दुसरा नव्हता. सिद्धेशनं सगळं ऐकून घेतलं, रिव्हॉल्व्हर उचललं, आणि ते लगेच खाली ठेवलं. त्यानं वॉल्टरकडे बघितलं नाही, मागे वळून एकनाथरावांकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही बाजूला उभे राहता का जरा?"

एकनाथराव जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हळू ओढ म्हणाले, आणि घोडा मागे जाताना दिसताच डोळे गच्च मिटून घेतले.